टेल्स फ्रॉम द हुड (१९९५) : भूत यायच्या आधीच घाम फोडणारा भयपट

अंधारवाट (धागाकर्ता)

भयपटांच्या धाग्यांवर 'कँडीमॅन' आणि 'स्क्रीम' हमखास येतात. 'टेल्स फ्रॉम द हुड'चं नाव मात्र क्वचित निघतं, आणि निघालंच तर "तो विनोदी आहे ना?" असा प्रश्न येतो. विनोदी अजिबात नाही. नव्वदच्या दशकातल्या कथासंग्रह प्रकारच्या (म्हणजे एकाच चित्रपटात अनेक छोट्या कथा असलेल्या) भयपटांत मला हा सगळ्यात वरचा वाटतो, म्हणून त्याच्यासाठी हा वेगळा धागा. (पुढे सगळं कथानक उघड केलंय. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

२४ मे १९९५ ला हा अमेरिकेत लागला. दिग्दर्शन रस्टी कंडीफचं, लेखन कंडीफ आणि डॅरिन स्कॉट या जोडीचं, कार्यकारी निर्माता प्रसिद्ध कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक ली. खर्च साधारण ६० लाख डॉलर, तिकिटबारीवर जमले १ कोटी १८ लाखांच्या आसपास. म्हणजे पडला नाही, पण गाजावाजाही झाला नाही. त्याची वितरण कंपनी सॅव्हॉय पिक्चर्स पुढच्या दोनएक वर्षांत बंदच पडली.

गोष्ट अशी. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीतली तीन पोरं, स्टॅक, बॉल आणि बुलडॉग, रात्री एका फ्युनरल होममध्ये (अंत्यविधीआधी मृतदेह ठेवतात ती जागा) शिरतात. तिथल्या मिस्टर सिम्सना गल्लीत सापडलेला ड्रग्जचा माल त्यांना हवाय. सिम्स म्हातारे, केस पिंजारलेले, डोळे बाहेर आलेले. ते माल देतो देतो म्हणत पोरांना एकेका शवपेटीपाशी, मध्ये एकदा एका बाहुलीपाशी नेतात आणि तिच्यामागची कथा सांगतात. अशा चार कथा.

पहिल्या कथेवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्या चित्रपटाची किल्ली तिच्यात आहे.

क्लॅरन्स हा नवा कृष्णवर्णीय पोलीस. नोकरीची पहिलीच रात्र. त्याच्यादेखत गोरे सहकारी एका माणसाला गाडीतून खेचून बडवतात. हा माणूस म्हणजे मार्टिन मूरहाउस, पोलिसांचा भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणणारा कृष्णवर्णीय नेता. मग त्याच्या अंगात ड्रग्ज टोचतात आणि गाडीसकट त्याला पाण्यात ढकलतात. जगाला कळतं ते एवढंच, की नेता स्वतःच व्यसनी होता. वर्षभराने क्लॅरन्स नोकरी सोडून दारूत बुडालाय आणि भिंतीवरच्या मूरहाउसच्या चित्रातून त्याला आवाज येतो : त्यांना माझ्याकडे घेऊन ये.

ही मारहाण बघताना १९९५ च्या प्रेक्षकाला काय आठवलं असेल हे सांगायला नको. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला झोडपलं आणि एका रहिवाशाने ते व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं. साऱ्या जगाने ती टेप पाहिली. तरीही २९ एप्रिल १९९२ ला ज्यूरीने त्या पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून मोकळं केलं आणि शहर पेटलं. पन्नासावर माणसं गेली. त्याच शहरात, तीनच वर्षांनी हा चित्रपट आला.

कंडीफने इथे केलंय काय, तर मारहाणीचं दृश्य भयपटासारखं घेतलेलंच नाही. धूर नाही, वाकडातिकडा कॅमेरा नाही. लाठी पडते, माणूस कळवळतो, बाजूला उभा असलेला पोरगा 'थांबा' म्हणतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही. त्या वेळी बसते ती भीती. पुढे मूरहाउस थडग्यातून उठतो तेव्हा मला तर सुटल्यासारखं झालं. भूत आलं की धीर यावा, हे मी दुसऱ्या कुठल्या भयपटात अनुभवलेलं नाही.

पण ते भूत तिथे थांबत नाही. तिघांचा हिशोब चुकता झाल्यावर मूरहाउस क्लॅरन्सकडे वळतो आणि विचारतो, मला गरज होती तेव्हा तू कुठे होतास? नुसतं बघत उभं राहिलेल्या माणसालाही या कथेत माफी नाही. मला वाटतं, चारही कथांचा आणि बाहेरच्या चौकटीचा हाच मुद्दा आहे. तुमची मतं वाचायला आवडतील. दुसऱ्या कथेबद्दल मी मुद्दाम लिहिलेलं नाही, ती कोणीतरी दुसऱ्याने उलगडावी.

—

चंद्रकोर

सुंदर लिहिलंय. दुसऱ्या कथेवर मी लिहिते. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे ही कथा मला फार आतपर्यंत लागली.

वॉल्टर हा अबोल मुलगा. वर्गात नवा आलाय, अंगावर वळ आहेत. शिक्षक विचारतात तर म्हणतो, रात्री राक्षस येतो. (शिक्षकाची भूमिका खुद्द रस्टी कंडीफने केलीय.) रात्रीचं दृश्य आठवा. पोर पांघरुणात गुरफटून पडलंय, दारापलीकडून गुरगुर येते, दार किलकिलं होतं आणि हिरवट पंजा दिसतो. आपण पोराच्या डोळ्यांनी बघत असतो, म्हणून आपल्यालाही राक्षसच दिसतो. पुढे शिक्षक घरी जातात, आईचा मित्र कार्ल घरात येतो आणि सगळं स्वच्छ होतं. राक्षस म्हणजे कार्ल.

लहान मूल खोटं बोलत नाही, त्याला जेवढे शब्द येतात तेवढ्यात ते सांगतं. ऐकणाऱ्याला ते उकलता आलं पाहिजे. वर्गात मारकुट्या मुलाचं चित्र काढून वॉल्टर तो कागद चुरगाळतो, आणि तिकडे तो मुलगा खरोखर जायबंदी होतो. ही ताकद दाखवायला दिग्दर्शकाने मुलाच्या हातात कागद आणि खडू सोडून काहीही दिलेलं नाही. शेवटी वॉल्टर कार्लचं राक्षस म्हणून चित्र काढतो, कागद मुडपतो आणि कार्लचे हातपाय तसेच मुडपत जातात. आई तो कागद पायाखाली तुडवते. मार खाणारी आई! ज्या कार्लपुढे ती बोलू शकत नव्हती, त्याला ती तुडवते. मी दर वेळी इथे रडते.

कार्लच्या भूमिकेत डेव्हिड अॅलन ग्रिअर आहे. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर 'इन लिव्हिंग कलर'मुळे लोक त्याला विनोदी नट म्हणूनच ओळखत होते. घराघरात हसवणाऱ्या माणसाला पट्टा हातात देऊन उभं करणं ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. बाहेर गोड वागणारा, सगळ्यांना हसवणारा माणूस घरात काय करतो ते बाहेरच्यांना कधी कळत नाही.

—

फलटणरोड

चंद्रकोर, +१. ब्रँडन हॅमंड नावाच्या त्या छोट्या मुलाने काय काम केलंय! एकदाही रडून सहानुभूती मागत नाही.

मला चौकटीबद्दल लिहायचंय. शवागारात बसून मेलेल्यांच्या गोष्टी सांगणारा म्हातारा बघून मला पहिल्यांदा वेताळ पंचविशी आठवली. तिथे राजाच्या खांद्यावर प्रेत असतं, त्यात बसलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी राजालाच प्रश्न टाकतो : दोष कोणाचा? सिम्सही तेच करतात, फक्त प्रश्न उघड विचारत नाहीत. त्या तीन पोरांना प्रत्येक कथा दुसऱ्या कोणाची तरी वाटते. ती चेष्टा करतात, घाई करतात, माल मागतात. आणि चौथ्या कथेची पेटी उघडते तेव्हा आत त्यांच्या ओळखीचा माणूस असतो.

'क्लॅरन्स विल्यम्स तिसरा' या नटाने सिम्स असा उभा केलाय की दुसरा नट डोळ्यांपुढे येत नाही. १९६८ ते १९७३ दरम्यान 'द मॉड स्क्वॉड' या मालिकेत हाच अगदी शांत, देखणा तरुण पोलीस होता. इथे तो एकेक शब्द ओढून, चघळून बोलतो, मध्येच डोळे विस्फारतो, मध्येच अगदी मायेने पोरांना पुढे बोलावतो. शेवटी 'हे फ्युनरल होम नाही' म्हणून तो जे सांगतो, ते ऐकताना पोरांचे चेहरे नीट बघा. भिंतीकडेला तीन पेट्या आणि तिघांत तेच तिघे.

—

रीळवाला

बाहुल्यांवर अजून कोणी बोललं नाही! मी अॅनिमेशनमध्ये काम करतो, म्हणून तिसरी कथा माझ्या वाट्याला घेतो.

ड्यूक मेटगर हा पूर्वी क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेत असलेला दक्षिणेतला राजकारणी, गव्हर्नरपदासाठी उभा. त्याने प्रचाराचं ठाणं टाकलंय एका जुन्या मळ्याच्या हवेलीत. तिथल्या मालकाने आपल्या गुलामांची कत्तल केली होती, आणि एका जादूटोणा जाणणाऱ्या बाईने त्यांचे आत्मे बाहुल्यांत ठेवले अशी आख्यायिका आहे. हवेलीच्या भिंतीवर त्या बाईचं मोठं चित्र आहे, भोवती बाहुल्या. चित्रातल्या बाहुलीची जागा रिकामी दिसली की समजायचं, ती खाली उतरली.

नाव कुठून आलं ते उघड आहे. डेव्हिड ड्यूक हा क्लॅनचा माजी नेता १९९१ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत थेट अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. टॉम मेटझगर हा कॅलिफोर्नियातला वंशवादी संघटनेचा म्होरक्या. म्हणजे पात्र अतिरंजित वाटलं तरी बातम्यांतून उचललेलं आहे.

आता करणीबद्दल, म्हणजे कारागिरीबद्दल. बाहुल्यांचं काम किओडो ब्रदर्सचं, 'किलर क्लाउन्स फ्रॉम आउटर स्पेस' (१९८८) वाले भाऊ. बाहुली चालते, पळते ती दृश्यं स्टॉप मोशनने केलीत. आत धातूच्या सांध्यांचा सांगाडा, वर रबराची कातडी आणि कपडे. बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत केसभर हलवायची. पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम धावतात. प्रत्येक पोझ दोन फ्रेमना चालवली तरी एका सेकंदासाठी १२ वेळा बाहुलीला हात लावावा लागतो. कपड्याला चुकून बोट लागलं तर पडद्यावर ते कापड थरथरतं. मला ती थरथर फार आवडते. त्या बाहुल्यांच्या चालीत जो किंचित अडखळलेपणा आहे त्याने त्या जिवंत वाटतात आणि माणसासारख्या मुळीच वाटत नाहीत. भीती तिथे आहे.

काळ लक्षात घ्या. १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क' आला, नोव्हेंबर १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी'. हाताने फ्रेम फ्रेम हलवून जीव आणण्याचं काम मोठ्या स्टुडिओंतून संगणकाकडे सरकत होतं. अशा वेळी थोड्या पैशांत या लोकांनी केलेलं काम आजही टिकून आहे, आणि त्याच काळातली संगणकावरची कितीतरी दृश्यं आज बघवत नाहीत.

मेटगर झालेल्या कॉर्बिन बर्नसेनचं कौतुक करायलाच हवं. शेवटची काही मिनिटं तो जवळजवळ एकटा आहे. चित्रीकरणाच्या वेळी समोर पळणारी बाहुली नसतेच, ती नंतर येते. नटाने रिकाम्या फरशीकडे बघून घाबरायचं, लाथ मारायची, नजर नेमकी त्या उंचीवर ठेवायची. एका क्षणी तो अमेरिकेच्या झेंड्याची काठी घेऊन बाहुलीवर तुटून पडतो. झेंड्याच्या आडून मतं मागणारा माणूस, आणि शेवटी हातात झेंडाच.

—

सातारी_कंदील

रीळवाला, फार छान माहिती. एक विचारायचं होतं. १९७५ च्या 'ट्रिलॉजी ऑफ टेरर'मध्येही एकटी बाई आणि घरात मोकाट सुटलेली बाहुली असं होतं. हे तिथून उचललंय असं म्हणता येईल का?

—

रीळवाला

सातारी_कंदील, धागा तिथपर्यंत नक्की जातो, कॅरन ब्लॅक या नटीची ती कथा या प्रकारातल्या सगळ्यांनी पाहिलेली असते. पण तिथे बाहुली दुष्ट आहे आणि आपण बाईच्या बाजूने आहोत. इथे आपण बाहुल्यांच्या बाजूने. कॅमेरा जमिनीलगत बाहुलीच्या उंचीवरून धावतो तेव्हा शिकारी कोण आणि सावज कोण हे उलटं झालेलं असतं. त्यामुळे मला ते उचललेलं वाटत नाही.

—

मुक्काम_नागपूर

धागा आवडला, पण चौथ्या कथेबद्दल माझं मत वेगळं आहे. पहिल्या तीन कथा जे दाखवतात, ते चौथी बोलून सांगते. क्रेझी के हा टोळीतला खुनी. त्याला तुरुंगातून डॉक्टर कुशिंग नावाच्या बाईंच्या प्रयोगशाळेत नेतात. त्याला जखडून समोर चित्रं दाखवतात : झाडाला लटकवलेले कृष्णवर्णीय, भोवती जमलेला गोरा जमाव, आणि मधूनमधून कृष्णवर्णीय टोळ्यांनी एकमेकांवर झाडलेल्या गोळ्या. शेजारच्या पिंजऱ्यात एक गोरा वंशवादी, जो त्याला म्हणतो की तू तर आमचंच काम करतोयस. मुद्दा पहिल्या मिनिटाला कळतो आणि पुढची दहा मिनिटं तोच ठोकत राहतात. शिवाय जखडून चित्रं दाखवण्याची कल्पना १९७१ च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मधली. भयपट म्हणून ही कथा मला सगळ्यात कच्ची वाटते.

आणि एक जास्त गंभीर आक्षेप. समाजावर पिढ्यान् पिढ्या अन्याय झाला, तो समाज आतून पोखरला गेला, आणि तुम्ही त्यातल्याच एका पोराला खुर्चीला बांधून 'दोष तुझा' म्हणता? हे मला पटलं नाही.

—

अंधारवाट

मुक्काम_नागपूर, आक्षेप महत्त्वाचा आहे. माझं मत सांगतो.

कथा जास्त बोलते हे खरं. पण त्यात दाखवलेले लिंचिंगचे, म्हणजे जमावाने केलेल्या खुनांचे, फोटो खरे आहेत, कुठल्या कलादिग्दर्शकाने बनवलेले नाहीत. प्रेताशेजारी उभे राहून कॅमेऱ्याकडे बघणारे ते चेहरे खऱ्या माणसांचे आहेत. चित्रपटभर बाहुल्या, थडगी, राक्षस बघून झाल्यावर अचानक हे फोटो येतात आणि मधला पडदा निघून जातो. त्या क्षणासाठी मला कथेचा बोलघेवडेपणा चालतो.

दोषाबद्दल : डॉक्टर कुशिंग त्याला 'दोष तुझा' म्हणून सोडत नाहीत, त्याला अजून एक संधी देतात. त्याने मारलेल्यांना त्याच्यापुढे उभं करतात, त्यात गोळीच्या वाटेत आलेली एक छोटी मुलगी आहे. त्याला फक्त 'हो, मी केलं' म्हणायचंय. तो म्हणत नाही. मग आपण परत त्या गल्लीत येतो, जिथे तो गोळ्या लागून पडलाय, आणि गोळ्या झाडणारे तिघे म्हणजे फ्युनरल होममधले आपले तिघे. मेलेल्यालाही आणि मारणाऱ्यांनाही एकच गल्ली. कंडीफ स्वतः त्या समाजातला आहे, आणि त्याने बाहेरच्याकडे बोट दाखवून झाल्यावर घरातल्यालाही प्रश्न विचारला. बाहेरच्याने ही कथा केली असती तर माझाही आक्षेप तुमच्याच बाजूला पडला असता.

रोझलिंड कॅश या डॉक्टर कुशिंग झाल्यात. हा चित्रपट लागला त्याच वर्षी त्या गेल्या. आणि कुशिंग हे नाव ऐकल्यावर जुन्या ब्रिटिश भयपटांच्या चाहत्यांचे कान टवकारलेच पाहिजेत.

—

फलटणरोड

कुशिंगवरून. नट पीटर कुशिंग! १९६५ च्या 'डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स'मध्ये आगगाडीच्या डब्यात पत्ते मांडून पाच प्रवाशांचं भविष्य सांगणारा तो. अॅमिकस ही ब्रिटिश कंपनी, तिने असे कथासंग्रह भयपट ओळीने काढले. त्यांच्या १९७२ च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मध्ये पाचजण भुयारात अडकतात, एक संन्यासी त्यांना गोष्टी दाखवतो आणि शेवटी कळतं की ते पाचही जण आधीच मेलेले आहेत. 'टेल्स फ्रॉम द हुड'चं नाव आणि शेवट दोन्ही थेट त्याच घराण्यातलं. कंडीफ आणि स्कॉटला हे घराणं चांगलं माहीत होतं. स्कॉटने तर आधी १९८७ मध्ये 'फ्रॉम अ व्हिस्पर टू अ स्क्रीम' हा व्हिन्सेंट प्राइस असलेला कथासंग्रह भयपट लिहिला आणि काढला होता. साचा हातात बसलेला माणूस होता तो, म्हणूनच त्याला साच्यात नवं काही ओतता आलं.

आणखी एक. मूरहाउस झालेला टॉम राइट हाच 'क्रीपशो २' (१९८७) मध्ये गाडीखाली सापडून परत परत उठणारा हिचहायकर होता. तिथे बाईने त्याला धडक देऊन पळ काढलेला असतो. इथे पोलिसांनी मारलेला नेता. दोन्हीकडे रक्ताळलेला कृष्णवर्णीय माणूस थडग्यापलीकडून जाब विचारायला येतो.

—

बे_एरियातला

मी पंचवीसेक वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथल्या माझ्या वयाच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांसमोर सिम्सचं नाव काढलं की ते सिम्सचे संवाद म्हणायला लागतात. त्यांच्या घरोघरी हा चित्रपट व्हीएचएसवर झिजेपर्यंत पाहिला गेला. थिएटरपेक्षा हा चित्रपट जगला तो कॅसेटवर.

विनोदी असल्याचा समज का झाला, त्याचं एक कारण मला दिसतं. कंडीफचा आधीचा चित्रपट 'फिअर ऑफ अ ब्लॅक हॅट' (१९९३) हा रॅप संगीतावरचा खोटा माहितीपट होता, अस्सल विनोदी. त्यात 'टेल्स फ्रॉम द हुड'च्या नावात शब्दांचा खेळ ('क्रिप्ट'च्या जागी 'हुड', म्हणजे वस्ती), पोस्टरवर गॉगल घातलेली कवटी. लोक हसायच्या तयारीने गेले आणि पंधरा मिनिटांत समोर एका माणसाला पोलीस झोडपताना पाहू लागले.

स्पाइक लीशी कंडीफची ओळख 'स्कूल डेझ' (१९८८) पासूनची, त्यात तो नट होता. लीच्या 'डू द राइट थिंग'मध्ये स्मायली झालेला रॉजर ग्वेनव्हर स्मिथ इथे मेटगरची प्रतिमा सुधारून देणारा कृष्णवर्णीय सल्लागार आहे. मालकाच्या खुर्चीपाशी बसलेला आपलाच माणूस. बाहुल्या पहिला बळी त्याचा घेतात, मेटगरचा नंतर.

—

चंद्रकोर

बे_एरियातला, तुमचं शेवटचं वाक्य वाचून काटा आला. पहिल्या कथेतला क्लॅरन्स, तिसऱ्यातला सल्लागार, चौथ्यातला क्रेझी के. प्रत्येक कथेत आपल्यातला एकजण आहेच. फक्त वॉल्टरच्या कथेत शिक्षक मदतीला जातो, आणि चारांत त्याच एका कथेत मूल वाचतं. ते मला आत्ता तुमच्या प्रतिसादांवरून लक्षात आलं.

—

काळाघोडा_लोकल

बाकी सगळ्यांनी चित्रपटातलं लिहिलंय, मी आपल्या बाजूने एक नोंद करतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीकडून स्फूर्ती घेऊन, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या कृष्णवर्णीय लेखनाशी आपल्या दलित साहित्याचं नातं जुनं आहे. म्हणून मी हा चित्रपट पाहिला तेव्हा भिंतीवरचं मूरहाउसचं चित्र मला परकं वाटलं नाही. आमच्या वस्तीत भिंतीवर चेहरे काढतात ते शोभेसाठी नसतात. या माणसाला विसरायचं नाही, असं ती भिंत सगळ्यांना बजावत असते. चित्रपटात एक पोलीस पळता पळता त्याच भिंतीत ओढला जातो आणि चित्राचा भाग होऊन जातो. मारलेल्याबरोबर मारणाराही आता त्या भिंतीवर कायमचा.

आपल्याकडच्या भयकथेत भूत बहुतेक वेळा हडळ, मुंजा, वाड्यातली अतृप्त सून. अन्यायाने मेलेल्यांची भुतं आपल्याकडेही आहेत, पण अन्याय कोणी केला त्याचं नाव घ्यायची वेळ आली की कथा घराच्या चार भिंतींतच राहते. गावाने मिळून केलेल्या खुनाचं भूत मराठी पडद्यावर कोणी उभं करेल तो दिवस मला बघायचाय.

—

मुक्काम_नागपूर

काळाघोडा_लोकल, मनापासून अनुमोदन. तुमच्या या मुद्द्यासाठी चौथी कथा मी परत पाहणार. माझा आक्षेप पूर्ण गेलेला नाही, पण ते फोटो खरे असल्यामुळे वजन बदलतं हे अंधारवाट यांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे.

—

रीळवाला

तंत्राचा अजून एक दुवा देऊन ठेवतो. छायाचित्रण अँथनी रिचमंडचं. १९७३ चा 'डोंट लुक नाऊ' यानेच टिपला होता. संकलक चार्ल्स बोर्नस्टीन, दिग्दर्शक जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन' (१९७८) च्या दोन संकलकांपैकी एक. संगीत क्रिस्टोफर यंगचं, 'हेलरेझर'वाला. ६० लाखांच्या चित्रपटात ही माणसं जमवणं म्हणजे निर्मात्याला काय हवंय ते पक्कं माहीत होतं. फ्युनरल होमचा आतला भाग बघा : मेणबत्त्या, गडद लाल, निळसर अंधार. बाहेर वॉल्टरच्या शाळेत साधा दिवसाचा उजेड. प्रत्येक कथेचा उजेड वेगळा आहे, तरी चित्रपट तुकड्यातुकड्यांचा वाटत नाही. त्याच दशकातल्या 'टू इव्हिल आइज' (१९९०) मध्ये रोमेरो आणि अर्जेंटो असे दोन मोठे दिग्दर्शक असून दोन वेगळे चित्रपट एकत्र शिवल्यासारखे वाटतात. इथे एकच दिग्दर्शक असल्याचा फायदा दिसतो.

—

सातारी_कंदील

काल रात्री पहिल्यांदा पाहिला. वॉल्टरच्या कथेनंतर थांबवून पाणी पिऊन आले. पुढचे भागही आहेत असं दिसतंय. ते पाहावेत का?

—

अंधारवाट

सातारी_कंदील, दुसरा भाग २०१८ चा, तिसरा २०२० चा. दोन्ही कंडीफ आणि स्कॉटचेच, ली कार्यकारी निर्माता. दुसऱ्यात सिम्स झालाय कीथ डेव्हिड, तिसऱ्यात मुख्य भूमिकेत टोनी टॉड आहे. पहिल्या भागातला सिम्स, क्लॅरन्स विल्यम्स, २०२१ मध्ये गेला.

पहिल्याची धार त्यांत नाही, चित्रीकरणातली काटकसरही डोळ्यांना जाणवते. पण दुसऱ्या भागातली शेवटची कथा जरूर पाहा. १९५५ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिलचा आत्मा आजच्या एका सुखवस्तू कृष्णवर्णीय राजकारण्याच्या घरात येतो. आमच्या बलिदानावर तुझं हे आयुष्य उभं आहे, तू त्याचं काय केलंस, हा त्याचा जाब आहे. मूरहाउसने क्लॅरन्सला विचारलं होतं तेच, फक्त इथे विचारणारा शाळकरी पोरगा आहे. बाकी भागांवर वेगळा धागा कोणी काढणार असेल तर मी यादी द्यायला तयार आहे. रीळवाला, बाहुल्यांवर तुम्ही सविस्तर लेखच लिहा, अशी इथल्या सगळ्यांतर्फे विनंती.

—

रीळवाला

लिहितो. सांगाडे कसे बनवतात त्याचे माझ्या कामातले फोटोही टाकीन. पुढच्या आठवड्यात.